रॉटवायलर, पिटबुल आणि आपली सोसायटी: धोका जातीत की पाळण्याच्या पद्धतीत?

६ ऑगस्ट २०२४ रोजी मुंब्र्यातील अमृतनगर भागात एका इमारतीच्या पाचव्या मजल्यावरून एक पाळीव कुत्रा खाली पडला. तो रस्त्यावरून चाललेल्या ३ वर्षांच्या मुलीच्या अंगावर आदळला आणि तिचा मृत्यू झाला. १७ जुलै २०२५ रोजी मानखुर्दमध्ये उभ्या रिक्षात बसलेल्या ११ वर्षांच्या मुलावर पिटबुल सोडल्याची तक्रार झाली. मुलाच्या हनुवटीला कुत्रा चावत असताना मालक हसत असल्याचा व्हिडिओ अनेकांनी पाहिला.

दोन्ही बातम्यांनंतर ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतील सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच चर्चा सुरू झाली: अशा कुत्र्यांवर बंदी का नाही? ओपीडीतही पालक हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारतात. "आमच्या मजल्यावर रॉटवायलर आहे, मुलाला खाली पाठवू का?" कुत्रा पाळणारे विचारतात, "आमचा अगदी शांत आहे, मग सगळे आम्हालाच का बोलतात?"

या दोन घटनांमधला एक फरक लक्षात घ्या. मानखुर्दचा कुत्रा ‘धोकादायक’ म्हणून प्रसिद्ध असलेल्या जातीचा होता. मुंब्र्यातील कुत्र्याने तर कोणाला चावाही घेतला नव्हता, तो फक्त उंचावरून पडला. दोन्हीकडे समान गोष्ट एकच होती: कुत्रा त्या क्षणी कोणाच्याही ताब्यात नव्हता. या लेखात आपण कुत्र्याची जात आपल्याला नेमके काय सांगते आणि काय सांगत नाही, पाळणाऱ्याने आणि शेजाऱ्याने काय करावे आणि चावा बसलाच तर उपचार कसे घ्यावेत, हे पाहू.

बंदीचे पुढे काय झाले?

१२ मार्च २०२४ रोजी केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसाय विभागाने सर्व राज्यांना एक परिपत्रक पाठवले. त्यात पिटबुल टेरिअर, रॉटवायलर, अमेरिकन बुलडॉग, डोगो अर्जेंटिनो, केन कोर्सो, कॉकेशियन शेफर्ड, कांगल, अकिता, मास्टिफ अशा २३ प्रकारच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवण्यास सांगितले होते. घरात आधीपासून असलेल्या अशा कुत्र्यांची नसबंदी करावी, असेही त्यात म्हटले होते.

या परिपत्रकाला अनेक ठिकाणी आव्हान दिले गेले. १० एप्रिल २०२४ रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले. ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांचे म्हणणे ऐकून न घेता असा निर्णय घेता येत नाही, हे त्यामागचे एक मुख्य कारण होते. गोव्यात वेगळी वाट निवडली गेली. हणजुणे येथे ऑगस्ट २०२४ मध्ये पिटबुलच्या हल्ल्यात ७ वर्षांच्या मुलाचा जीव गेला आणि पुढच्या वर्षी गोवा विधानसभेने हिंस्र मानल्या जाणाऱ्या प्राण्यांवर बंधने घालणारे विधेयक मंजूर केले.

थोडक्यात, बंदीचा वाद न्यायालयात आणि विधानसभांत चालूच राहील. पण घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये किंवा खडकपाड्याच्या सोसायटीत आज जो कुत्रा राहतो आहे, तो उद्याही तिथेच असणार आहे. त्याच्यासोबत सुरक्षित कसे राहायचे, याचे उत्तर यादीत मिळत नाही.

जात किती सांगते?

२०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात १८,००० हून अधिक कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मालकांनी भरलेल्या प्रश्नावल्या आणि कुत्र्यांची जनुकीय माहिती एकत्र तपासली होती. एका कुत्र्याचे वागणे दुसऱ्यापेक्षा वेगळे का, यातला सुमारे ९ टक्के भागच जातीने समजावता येतो, असे संशोधकांना आढळले. म्हणजे रॉटवायलर म्हटले की तो रागीट आणि लॅब्रॅडॉर म्हटले की तो प्रेमळ, हा हिशेब फारसा विश्वासार्ह नाही.

अमेरिकेत २००० ते २००९ या काळात कुत्र्यांच्या हल्ल्यांत झालेल्या २५६ मृत्यूंचा तपशीलवार अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वारंवार दिसलेल्या गोष्टी अशा होत्या:

- सुमारे ८७ टक्के घटनांत मध्ये पडून कुत्र्याला आवरू शकेल अशी सक्षम व्यक्ती जवळ नव्हती.
- सुमारे ८५ टक्के घटनांत बळी पडलेल्या व्यक्तीची त्या कुत्र्याशी ओळख नव्हती किंवा अगदी जुजबी होती.
- सुमारे ८४ टक्के कुत्र्यांची नसबंदी झालेली नव्हती.
- सुमारे ७७ टक्के घटनांत बळी पडलेली व्यक्ती वयामुळे किंवा शारीरिक कारणामुळे स्वतःला वाचवू शकत नव्हती.
- सुमारे ७६ टक्के कुत्रे घरातल्या माणसांपासून तोडून, साखळीला किंवा आवारात वेगळे ठेवलेले होते.

पाचपैकी चार मृत्यूंमध्ये अशी चार किंवा अधिक कारणे एकत्र आलेली होती. या यादीतली जवळपास प्रत्येक गोष्ट माणसाच्या हातात आहे.

जातीवर बंदी घालणाऱ्या देशांचा अनुभवही पाहण्यासारखा आहे. ब्रिटनने १९९१ मध्ये पिटबुलसह चार जातींवर बंदी घातली. तरीही पुढच्या काही दशकांत इंग्लंडमध्ये कुत्रा चावल्यामुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण वाढतच गेले आणि २०२३ च्या शेवटी ‘एक्सएल बुली’ हा आणखी एक प्रकार यादीत घालावा लागला. नेदरलँड्सने १९९३ मध्ये पिटबुलवर घातलेली बंदी २००८ मध्ये मागे घेतली, कारण तिने चाव्यांची संख्या कमी झाली नाही.

मग जातीला काहीच अर्थ नाही का?

आहे, आणि डॉक्टर म्हणून हे स्पष्ट सांगायला हवे. कुत्रा चावेल की नाही, हे मुख्यतः त्याचे संगोपन, आरोग्य आणि परिस्थिती यांवर अवलंबून असते. चावला तर जखम किती खोल होईल, हे त्याच्या आकारावर, जबड्याच्या ताकदीवर आणि चावण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते. पामेरियन चावला तर बहुतेक वेळा बोटाला दात लागतात. ४५ किलोचा रॉटवायलर चावला तर स्नायू चिरडतो, रक्तवाहिनी फाटू शकते आणि लहान बाळाच्या कवटीला दाताने छिद्र पडू शकते. काही ताकदवान कुत्रे एकदा पकडले की सोडत नाहीत आणि मान झटकतात. त्यामुळे त्वचा आणि मांस सोलून निघते.

पिटबुलचा जबडा ‘लॉक’ होतो ही समजूत मात्र चुकीची आहे. त्याच्या जबड्यात तशी कोणतीही वेगळी रचना नसते. तो चिवटपणे धरून ठेवतो, एवढेच.

लहान मुलांना जास्त इजा का होते? त्यांचे डोके कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असते, त्यामुळे चावा चेहरा, मान आणि डोक्यावर बसतो. ज्येष्ठांचा तोल जातो, त्वचा पातळ असते, रक्त पातळ करणारी औषधे चालू असतात. जुलै २०२२ मध्ये लखनऊमध्ये ८२ वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेचा मृत्यू घरातल्याच पिटबुलच्या हल्ल्यात झाला. तेव्हा त्या घरात एकट्या होत्या.

म्हणून ताकदवान कुत्रा पाळणाऱ्याची जबाबदारी इतरांपेक्षा जास्त आहे. दुचाकी आणि ट्रक दोन्ही रस्त्यावर चालतात, पण ट्रकचा ब्रेक निकामी झाला तर परिणाम वेगळा असतो.

कुत्रा अचानक चावतो का?

"काही न करता चावला" असे आपण म्हणतो, पण बहुतेक कुत्रे आधी सूचना देतात. शरीर ताठ होते. तो नजर वळवतो, पण डोळ्याच्या कडेने पाहत राहतो आणि डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागतो. तो ओठ चाटतो, जांभई देतो, शेपूट आखडतो, मग गुरगुरतो. गुरगुरणे ही शेवटच्या काही सूचनांपैकी एक आहे. गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारले तर तो गुरगुरणे सोडतो, भीती मात्र तशीच राहते. असा कुत्रा पुढच्या वेळी थेट चावतो.

स्वभावात बदल होण्यामागे अनेकदा दुखणे असते. कानाचा संसर्ग, दातदुखी, मोठ्या जातींमध्ये आढळणारा खुब्याच्या सांध्याचा विकार, त्वचेची खाज यांमुळे एरवी शांत असलेला कुत्रा हात लावू देत नाही. अचानक चिडचिडा झालेला कुत्रा आधी पशुवैद्याकडे न्यावा, प्रशिक्षकाकडे नंतर.

आपल्या भागातली परिस्थितीही यात भर घालते. कॉकेशियन शेफर्ड किंवा अकिता या थंड प्रदेशातल्या, दाट केसांच्या जाती आहेत. डोंबिवलीच्या मे महिन्यात, दमट हवेत, बंद फ्लॅटमध्ये त्यांना उष्णतेचा त्रास होतो. दहीहंडीला ठाण्यात लागणारे स्पीकर, गणपती विसर्जनाचे ढोल-ताशे आणि दिवाळीचे फटाके यांनी घाबरलेला कुत्रा पळ काढू पाहतो आणि वाट अडवणाऱ्याला चावू शकतो.

घरी आणण्यापूर्वी स्वतःला विचारा

- सकाळची लोकल पकडून निघालेली माणसे रात्री परत येतात. मधल्या १२ तासांत कुत्र्यासोबत कोण असेल? दिवसभर बाल्कनीत बांधलेला मोठा कुत्रा काही महिन्यांत चिडचिडा होतो.
- घरातली सर्वांत कमी ताकदीची व्यक्ती, उदाहरणार्थ आजी किंवा शाळकरी मुलगी, पट्टा धरून या कुत्र्याला थांबवू शकेल का? नसेल, तर तिच्या हाती तो कधीही द्यायचा नाही, हे घरात सर्वांना मान्य आहे का?
- घरात ५ वर्षांखालील मूल आहे का, किंवा लवकरच येणार आहे का?
- हा कुत्रा आवडतो म्हणून हवा आहे, की लोक घाबरतील म्हणून? दुसरे उत्तर असेल तर कृपया थांबा. घाबरवण्यासाठी वाढवलेला कुत्रा पाहुणा आणि चोर यांत फरक करत नाही.

पिल्लू ८ आठवड्यांपेक्षा लहान असेल तर विकत घेऊ नका. श्वान पैदास आणि विक्रीचे २०१७ चे केंद्रीय नियमही तेच सांगतात. लवकर आईपासून तोडलेल्या पिल्लाला जोरात चावू नये हे शिकायला वेळ मिळत नाही. साधारण ३ ते १४ आठवडे हा काळ पिल्लाच्या स्वभावासाठी सर्वांत महत्त्वाचा असतो. या काळात त्याला मुले, म्हातारी माणसे, छत्री, हेल्मेट, लिफ्ट, रिक्षाचा आवाज या सगळ्यांची हळूहळू आणि प्रेमाने ओळख करून द्यावी.

पाळल्यानंतरची जबाबदारी

१. परवाना: ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महानगरपालिकांकडे पाळीव कुत्र्याची नोंदणी करून परवाना घ्यावा लागतो आणि त्याचे वेळेवर नूतनीकरण करावे लागते.

२. रेबीजची लस: पिल्लू ३ महिन्यांचे झाल्यावर पहिली लस, मग पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे बूस्टर आणि दरवर्षी एक डोस. लसीच्या कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. कुणाला चावा बसला तर डॉक्टर हाच कागद आधी विचारतील.

३. नसबंदी: पैदाशीचा विचार नसेल तर पशुवैद्याच्या सल्ल्याने योग्य वयात करून घ्या. पळून जाण्याचे आणि इतर कुत्र्यांशी भांडण्याचे प्रमाण यामुळे कमी होते.

४. पट्टा आणि मझल: घराचे दार उघडण्यापूर्वी पट्टा लावा, लिफ्टमध्ये गेल्यावर नव्हे. मोठ्या, ताकदवान कुत्र्याला गर्दीच्या जागी जाळीदार मझल घाला. त्यातून कुत्रा धापा टाकू शकतो आणि पाणी पिऊ शकतो. तोंड घट्ट बांधणारे कापडी मझल आपल्या उकाड्यात फिरायला नेताना वापरू नका. मझलची सवय घरी, खाऊ देत, आठवडाभर आधी लावावी.

५. लिफ्ट: आत आधीच कोणी असेल तर पुढच्या लिफ्टची वाट पाहा. अरुंद, बंद जागेत कुत्र्याला मागे सरकता येत नाही आणि माणसालाही.

६. लहान मूल: कुत्रा कितीही लाडका असला तरी त्याला आणि लहान मुलाला एकटे सोडू नका, दूध उतू जातेय म्हणून दोन मिनिटेसुद्धा नाही. खाताना, झोपेत किंवा पिल्ले जवळ असताना मुलाने त्याला हात लावू नये.

७. खिडकी, बाल्कनी, गच्ची: सर्वत्र मजबूत जाळी किंवा ग्रिल हवे. मुंब्र्याची दुर्घटना हेच सांगते. गच्चीवर कुत्रा मोकळा सोडू नका.

८. व्यायाम आणि शिकवण: दिवसातून दोनदा पट्ट्यावर फिरवणे, रोज थोडे प्रशिक्षण आणि बक्षीस. मारहाण करून शिकवणाऱ्या प्रशिक्षकाकडे कुत्रा देऊ नका. घाबरवलेला कुत्रा जास्त चावतो.

शेजाऱ्यांनी आणि सोसायटीने काय करावे?

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव प्राणी ठेवण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, तसेच जातीवरून किंवा आकारावरून कुत्र्याला नकार देता येत नाही. मात्र सोसायटी परवान्याची आणि लसीकरणाची प्रत मागू शकते, फिरवण्याची वेळ आणि जागा मालकांशी बोलून ठरवू शकते आणि पट्ट्याचा आग्रह धरू शकते. वर्षातून एकदा सर्व पाळीव कुत्र्यांच्या लसीकरणाची नोंद एका रजिस्टरमध्ये घेतली तर बरेच वाद उद्भवणारच नाहीत. पामेरियनच्या मालकालाही हाच नियम लावा, म्हणजे कोणाला लक्ष्य केल्यासारखे वाटणार नाही.

मुलांना हे शिकवा: मालकाला विचारल्याशिवाय कुत्र्याला हात लावायचा नाही. कुत्रा अंगावर आला तर पळायचे नाही, ओरडायचे नाही, डोळ्यात पाहायचे नाही. झाडासारखे स्थिर उभे राहायचे, हात अंगाशी घ्यायचे. खाली पडलात तर पोटाशी पाय घेऊन गोळा व्हायचे आणि हातांनी मान व कान झाकायचे.

चावा बसला तर

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायची आहे: रेबीज जात पाहत नाही. रुबाबदार रॉटवायलर असो की गल्लीतला कुत्रा, लाळेत विषाणू असेल तर धोका सारखाच. आपल्या देशात बहुतेक चावे भटक्या कुत्र्यांचे असतात. सरकारी नोंदींनुसार २०२४ मध्ये देशभरात कुत्रा चावल्याची ३७ लाखांहून अधिक प्रकरणे झाली आणि त्यातील सुमारे ४.८५ लाख महाराष्ट्रातली होती. त्यामुळे "पाळीव आहे, चांगल्या घरातला आहे, काही होणार नाही" असे समजून घरी बसू नका. रेबीजची लक्षणे दिसू लागली की तो जवळजवळ नेहमीच जीवघेणा ठरतो, आणि वेळेवर पूर्ण उपचार घेतले तर तो टाळता येतो.

घरी लगेच करायचे:

- जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. घड्याळ लावून धुवा, कारण आपल्याला दोन मिनिटेही खूप वाटतात.
- त्यानंतर पोव्हिडोन आयोडीनसारखे जंतुनाशक लावा.
- हळद, तिखट, चुना, तेल, माती काहीही लावू नका. पट्टी घट्ट बांधू नका.
- जोरात रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि तसेच रुग्णालय गाठा.

रुग्णालयात जखमेचे तीन गट केले जातात. पहिल्या गटात फक्त स्पर्श किंवा अखंड त्वचेवर चाटणे येते. त्यासाठी लस लागत नाही. दुसऱ्या गटात रक्त न आलेले हलके ओरखडे किंवा उघड्या त्वचेवर दातांनी कुरतडणे येते. त्यासाठी लस लागते. तिसऱ्या गटात त्वचा भेदून गेलेला चावा, रक्त आलेला ओरखडा आणि डोळे, तोंड किंवा उघड्या जखमेत लाळ जाणे येते. त्यासाठी लसीबरोबर रेबीज इम्युनोग्लोब्युलिन किंवा तशाच कामाच्या मोनोक्लोनल अँटीबॉडीज लागतात. मोठ्या कुत्र्याचा चावा जवळजवळ नेहमी तिसऱ्या गटात मोडतो.

लसीने शरीरात संरक्षण तयार व्हायला काही दिवस लागतात. इम्युनोग्लोब्युलिन जखमेतच टोचले जाते आणि तिथला विषाणू लगेच निष्प्रभ करते. चेहरा, डोके, मान आणि हाताच्या जखमांत मज्जातंतू दाट असतात, त्यामुळे तिथे हे इंजेक्शन कधीही टाळू नये. पहिल्याच दिवशी मिळाले नाही, तर लसीच्या पहिल्या डोसपासून ७ दिवसांच्या आत ते घेता येते. "फक्त सुई दिली" असे म्हणून घरी येऊ नका. "इम्युनोग्लोब्युलिन दिले का?" हे स्वतः विचारा.

लसीचे वेळापत्रक: सरकारी रुग्णालयांत त्वचेत दिली जाणारी लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी देतात. स्नायूत दिली जाणारी लस ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी देतात. ती दंडात किंवा लहान मुलांच्या मांडीत देतात, नितंबात कधीही नाही. पूर्वी पूर्ण कोर्स झाला असेल तर डॉक्टरांना सांगा, तेव्हा सहसा ० आणि ३ व्या दिवशी दोनच डोस पुरतात आणि इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. गरोदर स्त्रिया, स्तनदा माता आणि बाळांनाही ही लस द्यावीच लागते.

कुत्रा पाळीव असेल तर त्याच्यावर १० दिवस लक्ष ठेवतात. पण १० दिवस थांबून मग लस घ्यायची नसते. लस लगेच सुरू करायची आणि १० दिवसांनंतर कुत्रा पूर्ण निरोगी असेल तर पुढचे डोस बदलायचे की नाही हे डॉक्टर ठरवतील. कुत्रा या काळात कुठेही सोडून देऊ किंवा मारू नका. त्याचे जिवंत आणि निरोगी असणे हीच सर्वांत उपयोगाची माहिती आहे.

रेबीजव्यतिरिक्त धनुर्वाताची लस आणि गरजेनुसार अँटिबायोटिक लागते. हाताच्या खोल जखमा पटकन पिकतात. मधुमेह, यकृताचा आजार, प्लीहा काढलेली असणे, केमोथेरपी किंवा स्टिरॉइड चालू असणे, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. अशा रुग्णांत कुत्र्याच्या तोंडातले जीवाणू रक्तात पसरून गंभीर आजार होऊ शकतो. चाव्याची जखम लगेच घट्ट शिवत नाहीत. चेहऱ्यावर टाके आवश्यकच असतील तर आधी इम्युनोग्लोब्युलिन आणि मग सैल टाके, असा क्रम असतो.

लगेच तातडीच्या विभागात जा, जर: मान, छाती, पोट किंवा डोळ्याजवळ चावा असेल, रक्त थांबत नसेल, बोटे सुन्न झाली असतील किंवा हलत नसतील, बाळाच्या डोक्याला दात लागले असतील, किंवा दुसऱ्या दिवशी सूज, पू, ताप वाढत असेल.

ठाण्यात कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आणि जिल्हा सामान्य रुग्णालय, कल्याणमध्ये रुक्मिणीबाई रुग्णालय, डोंबिवलीत शास्त्रीनगर रुग्णालय ही सार्वजनिक रुग्णालये आहेत. निघताना फोन करून इम्युनोग्लोब्युलिन उपलब्ध आहे का, हे विचारून घ्या. मोठी जखम असेल तर मात्र फोनमध्ये वेळ घालवू नका.

चाव्यानंतर मुलांना झोपेत दचकणे, बाहेर जायला नकार देणे, अंथरुण ओले करणे असा त्रास काही आठवडे होऊ शकतो. महिन्यानंतरही तो टिकला तर समुपदेशकाची मदत घ्या.

कायदा मालकाला काय म्हणतो?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार आपल्या प्राण्यापासून इतरांना धोका होऊ नये याची पुरेशी काळजी न घेणाऱ्याला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. निष्काळजीपणामुळे गंभीर दुखापत झाली तर कलम १२५ नुसार ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चेहरा कायमचा विद्रूप होणे ही कायद्याने गंभीर दुखापत आहे.

हे कागदावरच राहत नाही. २०१० मध्ये मुंबईत एका रॉटवायलरने ७२ वर्षांच्या व्यक्तीला चावा घेतला होता. त्याबद्दल गिरगाव न्यायालयाने २०२३ मध्ये मालकाला ३ महिन्यांची शिक्षा सुनावली. २०१८ मध्ये वरळीत लिफ्टमध्ये शेजाऱ्याला चावलेल्या हस्कीच्या मालकाला २०२५ मध्ये ४ महिन्यांची शिक्षा झाली. हस्की २३ जातींच्या यादीत नाही. न्यायालयांनी पाहिले ते मालकाने काळजी घेतली की नाही, हे.

चावा बसलेल्या कुटुंबाने केस पेपर, जखमेचे फोटो आणि लसीकरणाची पावती जपून ठेवावी. पण निकालाला लागलेली वर्षे पाहता एक गोष्ट उघड आहे: मालकाने उपचाराचा खर्च उचलणे, लसीचे कार्ड स्वतः आणून देणे आणि रुग्णालयात सोबत जाणे यातून जे साधते, ते खटल्याने क्वचित साधते.

महापालिकांकडून काय अपेक्षा ठेवता येईल?

चाव्यांच्या सरकारी आकड्यांत कुत्रा पाळीव होता की भटका, कोणत्या जातीचा होता, त्याचे लसीकरण झाले होते का, हे दिसत नाही. त्यामुळे "पिटबुलवर बंदी हवी" म्हणणारा आणि "जातीचा काही संबंध नाही" म्हणणारा, दोघेही परदेशातले आकडे देतात. या लेखातही तेच करावे लागले. रुक्मिणीबाई, शास्त्रीनगर आणि कळवा रुग्णालयांच्या केस पेपरवर चार रकाने वाढवले तरी पुरे: पाळीव की भटका, जात, लसीकरण, परवाना क्रमांक. एका वर्षात आपल्या शहरांचे स्वतःचे चित्र समोर येईल. ज्या कुत्र्याने एकदा चावा घेतला, त्याच्या मालकाला मझल, प्रशिक्षण आणि पुनर्तपासणी सक्तीची करता येईल, मग तो कुत्रा कोणत्याही जातीचा असो.

तोपर्यंत मालकांनी आज संध्याकाळी तीन गोष्टी तपासाव्यात: लसीच्या कार्डावरची तारीख, परवान्याची मुदत आणि बाल्कनीची जाळी. आणि शेजाऱ्यांनी घरातल्या मुलांसोबत ‘झाडासारखे उभे राहायचे’ हा खेळ एकदा खेळून पाहावा.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. चावा किंवा ओरखडा लहान वाटला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.*